वादळखिडकी

या बेटावर झाड नाही.
म्हणजे आहे एक, चर्चच्या भिंतीआड,
भिंतीच्या उंचीइतकंच वाढलेलं.
त्यापुढे वाऱ्याने रंधा मारलाय.
बाकी सगळं लाकूड बोटीने येतं,
पावतीसकट.

म्हणून ओस्ला हालक्रो लाकूड निवडते
लोक जावई निवडतात तसं.

कॅटलॉगात तिला डॉर्मर म्हणतात,
इथल्या म्हाताऱ्या म्हणतात वादळखिडकी:
उतरत्या छपराने भुवई उचलावी, तशी.
ऑक्टोबरात मी तिच्या टेबलावर तीन तुकडे ठेवले.
सैबेरियाचा लार्च, जड, डिंकाळ, तांबूस.
मुख्यभूमीवरचा पाइन, गाठी उघड्या, लपवाछपवी नाही.
आणि डग्लस फर, गुलाबीसर, महाग.
चौथं होतं पांढरं प्लास्टिक,
सपाट डोक्याचं, एका दिवसात बसणारं.
त्या पानावर तिने चहाची किटली ठेवली.

"घरात बसून सगळेच शहाणे दिसतात," म्हणाली,
"हिवाळाभर बाहेर राहू देत."
आणि तिन्ही तुकडे मांडले
मेंढ्यांच्या दगडी कुंपणावर.

जानेवारीत फर उडाला.
मार्चात गिब्बी तो काखेत घेऊन माझ्या दुकानात आला:
"समुद्राने दिलंय. चांगलं लाकूड आहे. काय होईल याचं?"
मला माझीच पेन्सिलची खूण दिसली.
"बिल होईल," मी म्हणालो.

पाइनला मेंढ्यांनी अंग घासलं होतं,
तो तेलकट झाला होता, जरासा पिळलेलाही.
लार्च पार राखाडी, उपड्या होडीसारखा.
ओस्लाने नखाने खरवडला.
आत तांबूस.
"हा," म्हणाली,
"वरून म्हातारा झाला तर माझी हरकत नाही."

मग मी आकृत्या पसरल्या.
दोन पाखी की एक, शिशाचा पत्रा कुठे दुमडायचा,
आणि उंबरा इतका खाली घेऊ, ओस्ला,
की उशीवरून खडक दिसतील, सहाची फेरी दिसेल,
जूनमध्ये रात्रभर न मावळणारा उजेड...

"दृश्य?" ती हसली.
"साठ वर्षं मी त्यात कपडे वाळत घालतेय."

आणि मला पोटमाळ्यावर नेलं.
जिना कसला, शिडीच.
इस्त्रीचं टेबल, घडी घातलेल्या चादरी, अरुंद पलंग,
आणि मधल्या वाशावर एक काळपट डाग,
गुळगुळीत, हाताएवढा.
"हे माझं कपाळ," ती म्हणाली.
"नवरा बुटका होता.
त्याला कधी कळलंच नाही."

मोडेन पण वाकणार नाही असं मिरवणारे
मी पुष्कळ पाहिलेत, त्यांची दारंही दुरुस्त केलीत.
ही वाकली. रोज. चादरीगणिक.

मी टेप काढली,
पण वाशापासून वाशापर्यंत लावली नाही.
म्हटलं, हात वर कर.
स्वेटर डोक्यावरून काढताना जातात तसे.
छपराखाली ते जमेना,
कोपर फळीला लागलं, दोघं हसलो,
मग अंगणात आलो,
वाऱ्यात, घराच्या टोकाच्या भिंतीला पाठ लावून
एक्याऐंशी वर्षांच्या ओस्लाने हात वर केले.
स्वेटरमध्ये वारा भरला.
ती तशीच उभी राहिली,
माझी खूण करून झाली तरी.

"दोन बोटं जास्त धर," शेवटी म्हणाली.
"टोपी असते."

परवानगीच्या अर्जात 'प्रयोजन' असा एक रकाना आहे.
तीस वर्षं मी तिथे 'उजेड' लिहीत आलो.
सवयीने तेच लिहिलं,
मग खोडलं,
आणि लिहिलं:
ओस्ला हालक्रो. साडेसहा फूट,
हात वर.