आठशे रुपये जास्त

एजंट म्हणाला, गॅलरीसमोर बाग आहे,
म्हणून भाडं आठशे जास्त.
मी अंबडच्या कंपनीत तिसऱ्या पाळीला;
आठशे म्हणजे किती तास, ते तोंडपाठ.
तरी हो म्हटलं.

सिडकोतली बाग ती. महापालिकेची.
घसरगुंडीला भोक, कारंजं कोरडं,
दोन कडुलिंब, एक वेडावाकडा बहावा
आणि रात्री आठला शिट्टी मारणारे गांगुर्डे.

केतकी जिना चढतानाच धापा टाकायची.
पहिला आठवडा बाकावर बसून काढला,
गळ्यात पंप अडकवून.
मग मुदस्सरने तिच्यावर राज्य दिलं.
झालं.

आता गुडघ्यांवर खपल्या, फ्रॉकला कुसळं.
दुसरी भाकरी मागते
आणि ती येईपर्यंत ताटावरच पेंगते.
डॉक्टरांच्या फायलीवर तिने
निंबोळ्या वाळत घातल्यात.

परवा मला सुट्टी होती. मध्यरात्री
तीच ओळखीची कुईं... कुईं...
अंधारात उठलो, पंप चाचपला,
तिच्या छातीला कान लावला.
छाती निवांत,
काठोकाठ भरलेल्या माठासारखी.

आवाज बाहेरून येत होता.
वाऱ्यावर हलणारा
रिकामा झोपाळा.

सकाळी गांगुर्डे तेलाची बुधली घेऊन निघालेले,
कड्यांना घालायला.
म्हटलं, मामा, राहू द्या पुढच्या सुट्टीपर्यंत.
मला एकदा
ते ऐकून
नुसती कूस बदलायची आहे.