मापाची वही

टेप पिवळी आहे, सव्वीस वर्षांची.
पहिल्या इंचाचे आकडे बोटं लागून पुसलेत.
तिथं मी अंदाजानं मोजते.

ईरी सरोवराकाठच्या या मैदानाच्या पोटात
बॉयलर आणि धुलाईयंत्रांच्या मधे
माझी शिवणाची खोली.
वर तीस हजार लोक पाय आपटतात
तेव्हा डब्यातल्या टाचण्या थरथरतात.
सामना मी असाच ऐकते.

हंगामाच्या तोंडावर खेळाडू येतात,
बुजगावण्यासारखे हात पसरून उभे राहतात,
आणि मी लिहिते
गळा, छाती, दंड, मांडी, टोपी.
वहीत कारणाचा रकाना नाही.

त्या उन्हाळ्यात गावभर एकच नाव.
आन्सेल्मो रेनोसो.
सान पेद्रोहून आलेला, दाराच्या चौकटीएवढा रुंद,
ऑगस्ट उजाडेपर्यंत एक्केचाळीस होमरन.
कुठंतरी पाणी मुरतंय, खाटीक म्हणाला
सॉसेज तोलता तोलता.
रेडिओवरचा म्हणाला, मी आरोप करत नाही, पण.
तो 'पण' आठवडाभर शहरात फिरला.
स्वस्त बाकांवर, बापाच्या खांद्यावर बसलेल्या
एका पोरीच्या हातात पुठ्ठ्याची सिरिंज होती,
माणसाएवढी.
रंगवताना तिला मजा आली असणार.
सुईला चंदेरी चमकी लावली होती.

मी वही काढली.
रेनोसो. गळा साडेअठरा, टोपी पावणेआठ.
सहा वर्षं. सहाही वर्षं तेच.
एक दोरा इकडे नाही, तिकडे नाही.
तो आईच्या पोटातूनच एवढा आलेला.

मग बोट खाली घसरलं. घसरायला नको होतं.

कोल फेनविक.
आमचाच, ट्रकवाल्याचा मुलगा,
किडकिडीत सेकंड बेसमन,
ज्याच्या नावाचं सँडविच कोपऱ्यावर मिळतं.
सव्वासात. सव्वासात. साडेसात.
यंदा पावणेआठ, तीही जरा घट्ट.
तिशीतल्या माणसाचं डोकं कशानं वाढतं?
मी विचारलं होतं त्याला, पण तोंडात टाचण्या होत्या,
शब्द नीट फुटले नाहीत.
"केस वाढलेत," तो म्हणाला.
केस त्यानं भादरलेले होते.

माझा स्टॅन गेला तेव्हा
फेनविक चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला होता,
टोपी काढून, मांडीवर उलटी ठेवून.
आतला आकडा मला तेव्हाही दिसला.

लीगकडून टाय लावलेले दोघे आले.
रेनोसोबद्दल काही?
मी म्हटलं, वही आहे, बघा.
त्यांनी रेनोसोचं पान बघितलं. मिटलं.
"टेप जुनी झालीय तुमची," त्यातला तरुण म्हणाला.
बाकीची पानं त्यांनी मागितली नाहीत.
मी उलटली नाहीत.
बोटाला थुंकी लावायची, एवढंच काम होतं.

कदाचित गोळ्या दुसऱ्याच कशाच्या असतील.
कदाचित मीच चुकले असेन,
पहिला इंच तर पुसलेलाच आहे.

सप्टेंबरात रेनोसो खाली आला,
बाहीची शिवण उसवली म्हणून.
दोन मिनिटांत परत जायचं होतं,
शर्ट काढायला वेळ नव्हता.
वर हुर्यो चालली होती.
त्यानं डब्याकडे बघितलं, टाचण्यांकडे,
"मी बाहेर नसतानाही?" म्हणाला.
मी सुई ओवली.

माझी आई लुब्लिनकडची. ती म्हणायची,
अंगावरचा कपडा शिवताना माणसानं
दोरा दातांत धरून गप्प राहावं,
नाहीतर त्याची अक्कल त्यात शिवली जाते.
मी रेनोसोला सांगितलं. तो हसला.
एवढ्या मोठ्या जबड्यात
वीतभर पांढरा दोरा धरून उभा राहिला.

टाके घालायच्या आधी
मी एक माझ्यासाठीही तोडला.