ऊन पाहाले

सातवीच्या भूगोलात, खालच्या कोपऱ्यात
बोटाएवढं चित्र होतं:
समुद्राला टेकलेला सूर्य, आणि ओळ,
‘मध्यरात्रीचा सूर्य, नॉर्वे’.
पंचफुलानं पान फाडलं नाही, नुसतं दुमडलं.
म्हणाली, आपण जाऊ.
मी म्हटलं, जाऊ.
तेव्हा आम्हाला दारव्हाही लांब होतं.

मग ती गावातच चक्कीवाल्याच्या घरात गेली.
मी नर्सबाई झाले, पाच गावांची बाळंतपणं केली,
बदल्या खात खात गावातच आले.
दर पोळ्याला ती विचारायची, “किती झाले?”
मी आकडा सांगायची.
तिचा आकडा कधी पोराची फी खाऊन जायची,
कधी चक्कीचा पट्टा, एकदा अख्खी मोटार.
माझा एकदा नवऱ्याच्या दवाखान्यात गेला,
परत आला नाही. नवराही.
त्या पोळ्याला तिनं विचारलं नाही.
पुढच्या पोळ्याला विचारलं.

दोघींच्या पासपोर्टावर जन्मतारीख एकच, एक जुलै,
डाखोरे गुरुजींनी अख्ख्या वर्गाला वाटलेली.
व्हिसाच्या काचेमागची पोरगी म्हणाली, “जुळ्या?”
पंची म्हणाली, “हो.”
पण तिचे ठसे मशीनवर उमटेनात.
पस्तीस वर्षं गरम पीठ चिमटीत घासून पाहता पाहता
बोटं गुळगुळीत झालेली.
दाबा. अजून दाबा. ओलं करून दाबा.
सहाव्यांदा उमटली ती, अर्धीमुर्धी.

त्याआधी हवालदार चौकशीला आला होता. चहा प्याला.
“इथं सत्तेचाळीस डिग्री, अन् तुम्ही
ऊन पाहाले चालल्या?”
“इथलं ऊन आपल्याले पाहून घेते, भाऊ,” पंची म्हणाली,
“आपण त्याले कवा पाहाव?”

रात्रीचे बारा. टेकडीवर टूरची चाळीस माणसं,
पातळावर स्वेटर घातलेल्या आम्ही दोघी.
सूर्य होता. पिवळट, थकलेला,
निघतो निघतो म्हणत बसून राहिलेल्या
पाहुण्यासारखा.
पंचीनं डोळ्यांवर हात न धरता त्याला पाहिलं,
बराच वेळ.
मग म्हणाली, “झालं वं. चाल.”

तिसऱ्या रात्रीही झोप नाही.
पडदे जाड, तरी फटीतून ऊन.
आम्ही जन्मभर जे काही बोललो ते अंधारात,
लाइन गेल्यावर, ओट्यावर,
तोंडं दिसत नसताना.
उजेडात फक्त भाव विचारले, तब्येती विचारल्या.
पंची उठली, बाथरूममध्ये गेली, दिवा बंद केला.
“ये,” म्हणाली, “दार लाव.”
दाराखाली टॉवेल कोंबला.
फरशी आतून कोमट होती,
जात्यातून नुकत्या पडलेल्या पिठासारखी.
तिथं बसून तिनं मला सांगितलं
ते पान दुमडलं त्या वर्षीचं.
ते इथं लिहीत नाही.
मी चाचपडत हात शोधला. गुळगुळीत बोटं.
“आता तरी जाऊ दे वं,” मी म्हटलं,
आणि लगेच वाटलं, हे म्हणायला नको होतं.
ती काही बोलली नाही. हातही काढून घेतला नाही.
दाराबाहेर रात्रीचे दोन वाजता ऊन होतं.

आता बाया विचारतात,
काय पाहिलं माय, एवढ्या पैशात?
पंची चक्की बंद करत नाही.
पट्ट्याच्या आवाजावरून ओरडून सांगते:
मासे, बोगदे, केळ्याचा भाव.
मी फोटो दाखवते.
सगळ्या फोटोंत आमचे डोळे बारीक.

काल डीपी उडाला.
गाव वायरमनच्या नावानं बोटं मोडत बसलं.
मी टॉर्च घरीच ठेवून तिच्याकडं निघाले.
हापशीजवळ समोरून कुणीतरी येत होतं,
तेही टॉर्चशिवाय.
“कोण वं?”
“मीच.”