साहेबांचं माप

साहेबांचा पाय मी दोनदा हातात घेतलाय.
पहिल्यांदा ते नुसते नगरसेवक होते,
सुभाषनगरात आमच्या पायरीवर बसलेले, एकटेच.
कागदावर पाऊल ठेवलं, मी पेन्सिल फिरवली.
नऊ नंबर. डावा अर्धं बोट आखूड.
करंगळीवर कुरूप.

दुसऱ्यांदा सर्किट हाऊसला बोलावणं आलं.
पायांशी अकराजण आधीच वाकलेले,
मला वाकायला जागा मिळंना.
"अरे, कारागिराला तरी पोचू द्या," साहेब म्हणाले,
आणि सगळे हसले,
साहेबांचं हसून झाल्यावरही बराच वेळ.

त्या वाढदिवसाला सोन्या खराडे आला.
"दादा, चाळीस जोड. समदे साहेबांच्या मापाचे."
"घालणार कोण?"
"आम्ही."
त्याचा पाय सात. मी उंबऱ्यावरनंच ओळखतो.
"सैल हुतील की रं."
"हू देत. साहेबांच्या पावलावर पाऊल म्हणायचं
आणि माप आपलं? बरं दिसतंय व्हय?"
डावी चप्पलसुद्धा अर्धं बोट आखूड हवी होती.
कुरुपाला जागा ठेवू का, मी चेष्टेनं विचारलं.
तो विचार करत राहिला.

बायकोनं तीन आठवडे वेण्या घातल्या.
मी कातडं भिजवलं, बडवलं,
कान शिवले, तळात विंचू बसवला.
विंचू त्यांनी मागून घेतला होता.
कर्रकर्र वाजलं की
साहेबांना मागं न बघता कळावं,
आपली माणसं मागंच आहेत.

बिंदू चौकातनं मिरवणूक निघाली.
हलगी, गुलाल, जेसीबीतनं फुलं,
आणि बोटं आवळून पाय ओढणारे चाळीसजण.
पापाच्या तिकटीला एकाची चप्पल निसटली.
मागच्यानं ती उचलली, कपाळाला लावली,
साहेबांचीच समजून.
मग कळलं, तशी टाकली गटारीकडंला.
निम्मे पैसे अजून यायचेत.

निकालात साहेब पडले.
गुलाल दुसऱ्या गल्लीत उधळला.
आठवडाभरानं सोन्या, हातात पिशवी.
"दादा, ह्याचं कापून सहा हुतंय का?"
नवे साहेब सहाचे, हे मला त्याच्याकडनंच कळलं.
"चपलेचं हुईल. पायाचं काय करतोस?"
तो स्वतःच्या पायाकडं बघत उभा राहिला,
चुलत्यानं शेजाऱ्यांदेखत रागं भरावं
तसा पाय मागं घेत.
टाचेला घट्टा पडला होता, बोटं वाकडी झाली होती
सैल चप्पल धरून ठेवता ठेवता.

"बस," म्हटलं. "ठेव पाय कागदावर.
एक जोड तुझ्या मापाचा करतो. पैसे नकोत."
त्यानं टाच टेकवली. मी पेन्सिल लावली.
बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला.
"नको दादा," तो उठलाच, "कुणी बघितलं तर..."
पुढचं बोलला नाही.

कागद अजून खिळ्याला आहे,
साहेबांच्या नऊ नंबराशेजारी.
त्यावर टाचेचा अर्धा गोल.
बायको म्हणते, काढून टाका.
मी म्हणतो, असू दे, येईल.