तिसरी कडी

टोलेडोत, गालिच्यांच्या दुकानामागे,
तळघरात आमचा स्टुडिओ.
ऑक्टोबर म्हणजे आमची सुगी.
डार्लीन कुबिएक दोनच्या ठोक्याला येते,
बूट दाराशी काढते,
कारण माइकला टाचाही ऐकू येतात.
थर्मासात कोमट पाणी आणि मध.

उमेदवार एकच. कागद दोन.
एक नदीच्या अलीकडे वाजणार, एक पलीकडे.

पहिल्या कागदावर पहाट आहे,
शाळेची पिवळी बस, नवा पूल,
आणि तीस सेकंदांत अकरा वेळा "आपण".
डार्लीन हसत वाचते, अगदी खरं हसत.
गाल वर गेले की आवाज उजळतो,
हे तिला कुणी शिकवलेलं नाही;
चौदा वर्षं बेकरीच्या गल्ल्यावर उभं राहून आलंय.
तिचे श्वास मी एकेक करून कापतो.
आशेला धाप लागलेली चालत नाही.

दुसऱ्या कागदावर रात्र.
"तुम्ही झोपलेले असता तेव्हा..."
"दार नीट लावलंय ना?"
इथे "आपण" नाही. तुम्ही, आणि ते.
ती खुर्ची पुढे ओढते,
आवाज जिना उतरल्यासारखा खाली येतो.
हे श्वास मात्र ठेवायचे. एकूण एक.
ऐकणाऱ्याच्या मानेवर लागले पाहिजेत.
खालची घरघर माझ्या जुन्या फ्रिजची,
एका रविवारी सहज टिपून ठेवलेली.
तिच्यावर आजवर तीन जण निवडून आले.
फ्रिज केव्हाच भंगारात गेला.

सल्लागार ओस्गुड फोनवर आकडे सांगतो:
पहाटेने दोन टक्के वाढले, रात्रीने सहा.
"लोकांना चांगलंच हवं असतं हो,
पण पावसात रांगेत उभं राहतात ते वाईटाच्या धाकाने."
मी विचारलं, तुमचं मत कुणाला?
म्हणाला, मी या जिल्ह्यात राहत नाही.

गुरुवारी डार्लीनची गाडी बंद पडली.
मी तिला सोडायला गेलो, नदीपलीकडे, आईकडे.
लिओकाडिया कुबिएक, वय एक्क्याऐंशी,
कुंड्यांत अजून झेंडू तग धरून.
दाराच्या चौकटीत ताजा भुसा,
नवी पितळी कडी, जुन्या दोन कड्यांच्या वर.
आत स्वयंपाकघरात रेडिओ चालू.
मला माझा फ्रिज ऐकू आला.

डार्लीनने दार वाजवलं.
"कोण?"
"मी."
रेडिओ बंद झाला.
"मी म्हणजे कोण? हा आवाज मी ऐकलाय."

डार्लीनने माझ्याकडे पाहिलं. मी झेंडूकडे.
मग तिने गाल वर घेतले,
"आई, मी आलेय! डार्लीन!"
पूल, बस, पहाट, सगळं त्यात होतं.
आतून म्हातारी म्हणाली,
"आम्हाला काही विकत घ्यायचं नाही."

कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही.
समोरच्या अंगणात एक माणूस पानं गोळा करत होता,
त्याच्या फाटकावर आमच्याच उमेदवाराची पाटी.
डार्लीनने कपाळ दाराला टेकवलं.
नाक ओढलं. खोकली.
मग जो आवाज निघाला
तो मी सात वर्षांत एकदाही टिपला नव्हता,
चिरका, थोडा रडवेला, मधाशिवायचा:
"आई, उघड ना. पाय गारठलेत माझे."

खट्. पहिली कडी.
खट्. दुसरी.
तिसरीशी खूप झटापट झाली,
पितळ नवं, बोटं जुनी.
"अडकली मेली," आतून आवाज आला,
आता तोही नेहमीचा, किरकिरा.
"तू आपली मागून ये गं.
मागचं दार उघडंच आहे."