ट्रेडमिलची मोटर

मिलमच्या भंगारात पोसलथ्वेटनं
आधी अल्टरनेटर दाखवला, फोर्डचा. आठ पौंड.
हातानं फिरवून पाहिला. नको.
त्याला मिनिटाला दीड-दोन हजार फेरे हवेत,
वर जागं व्हायलाही उसनी वीज.
आमचं वारं डडनच्या खाडीवरून येतं,
दमादमानं.

मग कोपऱ्यात ट्रेडमिल,
कुणी जानेवारीत घेतलेली, पट्टा अजून कोरा.
मोटर सोडवली, दोन्ही वायरी एकत्र पिळल्या,
शाफ्ट फिरवला, तर बोटांशी अडून बसला.
आत चुंबकं जिवंत होती.

"पंधरा," तो म्हणाला. "बारा," मी.
शेवटी पंधराच.

घरी शर्वाणीला म्हटलं,
जागच्या जागी धावायची सवय आहे हिला.
ती म्हणाली, इथं कुणाला नाही?

बाहेर वारं पडलं होतं.