डावं वळण

मेंढ्या पहाटेच हाकलल्या धावपट्टीवरून,
लेंड्या तेवढ्या राहिल्या.
ईस्टरचा शनिवार. ओटागोच्या पठारावर
ईस्टर पानगळीत येतो:
पॉप्लरची रांग पिवळी, आणि तिच्यापुढं
तिच्याहून पिवळं टायगर मॉथ,
दोन मजली पंखांचं, तारांनी आवळलेलं,
पतंग करावा की पलंग, हे न ठरवताच
कुणी अर्ध्यावर सोडल्यासारखं.

मी कुंपणाशी. गळ्यात दोन कॅमेरे,
खिशात चेंगरलेलं सँडविच,
आणि दहा वर्षांत शिकलेली एकच गोष्ट:
शटर फार वेगात मारू नये.
सेकंदाचा हजारावा हिस्सा, की प्रोपेलर थिजतो.
पातं न् पातं मोजून घ्या, स्क्रू न् स्क्रू दिसतो,
आणि विमान मेलेलं दिसतं,
आभाळाला टाचणीनं टोचलेलं.
फिरता हवा असेल
तर सव्वाशेवा हिस्सा. छाती असेल तर साठावा.
मग कमरेतून फिरायचं, फाटक बिजागरीवर फिरतं तसं,
श्वास धरून, त्याच्याच चालीनं.
दहांतले नऊ वाया जातात.
दहावा वाया जात नाही असंही नाही.

शेजारी घडीच्या खुर्चीत नोला फार्कर्सन.
मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं, एक्याण्णव,
क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं.
मांडीवर थर्मास, पायांत गमबूट.
"हे आमचं," म्हणाली.
"म्हणजे डूगलचं. म्हणजे खताच्या कंपनीचं."
पुढच्या बैठकीच्या जागी पत्र्याचा हौद,
हौदात सुपर फॉस्फेट,
आणि डूगल डोंगराला खेटून
उधळत जायचा. दिवसाला साठ खेपा.
हौद ही भरायची, खालून, ट्रकनं.
"पिठाच्या डब्यात पडल्यासारखा यायचा घरी.
कानांतसुद्धा. कान मीच धुवायचे."
एका मंगळवारी एकेचाळीसच झाल्या.
मग तिनं चहा ओतला, झाकणात, काठोकाठ.

सकाळी हँगरमध्ये तामातीनं
टॉर्च मारून दाखवलं होतं:
कापड नवं, लाकूड नवं, तारा नव्या,
इंजिन दुसऱ्याच कुठल्या विमानाचं.
मग जुनं काय?
त्यानं आत, खाली बोट केलं.
पायांखालचा आडवा दांडा, सुकाणूचा.
डाव्या टोकाला बुटानं पाडलेली खाच,
गुळगुळीत, उंबरठ्याला पडते तशी.
डोंगर उजव्या हाताला, सुटायचं डावीकडं,
साठ वेळा, रोज.
"पॉलिशला हात गेला होता," तामाती म्हणाला,
"मागं घेतला."
मी फोटो काढला त्याचा.
आली, एक खाच आली. नुसती खाच.

दुपारी कुणी पोरानं प्रोपेलर हातानं हाणला,
दोनदा खोकून इंजिन लागलं,
तामाती उठला गवतावरून
लंगड्या बदकासारखा, मग नाही तसा.
एक फेरी. दुसरी. मी काढतोय, वाया घालवतोय.
तिसऱ्यांदा पॉप्लरवरून आला खाली, टेकडी उजवीकडे धरून,
आणि माझा एक डोळा कॅमेऱ्यात होता,
दुसरा उघडा ठेवायची सवय आहे मला:
नोला वर बघत नव्हती.
तिचा डावा गमबूट
गवतात टाचेपर्यंत दाबला गेला.
विमान वळलं.
माझं बोट कधी दाबलं ते मला माहीत नाही.

रात्री मोटेलात दोनशे साठ फोटो.
त्यातले बरेच धारदार.
एक असा की पंख दुहेरी, तामातीचं डोकं फरपटलेलं,
पॉप्लर म्हणजे नुसती हळद सांडलेली;
प्रोपेलर मात्र गोल, भरलेला, ताटासारखा,
आणि शेपटीचं सुकाणू लख्ख, डावीकडे.
पुसायचा राहिला, इतकंच.

रविवारी तिनं चष्मा पुसला,
कॅमेरा हातात घेतला, बटण आपणच दाबू लागली.
धारदार पुढं. धारदार पुढं.
मग थांबली. "हा."
मी म्हटलं, तो हललाय.
"हो," ती म्हणाली. "हललाय."